शनिवारच्या भेटी आणि साडेचारशे किलोमीटर : घटस्फोटानंतर मुलांसह गोव्याबाहेर जाण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण फोंडा तालुक्यातील एका कुटुंबाचे आहे. परस्परसंमतीने घटस्फोट होऊन दोन वर्षे झाल्यावर आईला पुण्यात नोकरी मिळाली आणि तिच्या ताब्यात असलेली दोन्ही मुले तिच्यासोबत जाऊ शकतात का, हा प्रश्न उभा राहिला. मध्यस्थीच्या टप्प्यावर मुलांशी बोलण्यासाठी समुपदेशक म्हणून माझा या प्रकरणाशी संबंध आला. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचे कारण असे की, गोव्यातील ताब्याचे बहुतेक करार दोन्ही घरे तासाभराच्या अंतरावरच राहणार, असे मनाशी धरून लिहिलेले मी पाहिले आहेत. राज्य लहान असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविकही आहे. मात्र एक घर राज्याबाहेर गेले की अशा करारातील जवळजवळ प्रत्येक अट लंगडी पडते, आणि तरीही दोन्ही पक्ष ‘जाऊ द्यायचे की नाही’ एवढ्याच मुद्द्यावर झगडत राहतात. गेल्यानंतर मुलांचा आठवडा, सण, सुट्टी आणि आजारपण कसे सांभाळले जाणार, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

कुटुंब आणि पहिला करार

विवाह 2010 मध्ये झाला. मुलगी 2011 मध्ये आणि मुलगा 2016 मध्ये जन्मला. वडील आपल्या वडिलांसोबत पिढीजात कुळागर (सुपारी-नारळाची बाग) पाहतात आणि त्याला जोड म्हणून गावात त्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे. आई कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करीत होती. घटस्फोटाची कारणे येथे गैरलागू आहेत. मारहाण, व्यसन किंवा मुलांची हेळसांड असा कोणताही आरोप एकानेही दुसऱ्यावर केलेला नव्हता, एवढी नोंद मात्र आवश्यक आहे. तसा आरोप असता तर पुढचा सगळा विचारच वेगळा करावा लागला असता.

गोव्यात विवाह आणि घटस्फोट आजही पोर्तुगीज काळातील कायद्यांनुसार चालतात आणि घटस्फोटाचा कायदा 3 नोव्हेंबर 1910 चा आहे. त्यातील परस्परसंमतीच्या तरतुदीनुसार आधी एका वर्षासाठी तात्पुरता घटस्फोट मंजूर होतो आणि वर्ष सरल्यावर तो कायम केला जातो. या दांपत्याचा तात्पुरता घटस्फोट 2020 मध्ये मंजूर झाला व 2021 मध्ये कायम झाला. अर्जासोबत जोडलेल्या करारानुसार मुलांचा ताबा आईकडे होता, वडिलांनी दरमहा पोटगी द्यायची होती, आणि दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मुलांनी वडिलांकडे जाऊन रविवारी संध्याकाळी परतायचे होते. सणांविषयी ‘परस्पर संमतीने ठरवावे’ एवढेच तीन शब्द होते. राज्याबाहेर जाण्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

दोन वर्षे हा करार चांगला चालला. आई मुलांसह फोंडा शहरात भाड्याने राहत होती आणि वडिलांचे घर तेथून स्कूटरने वीस मिनिटांवर होते. करार चांगला चालण्याचे खरे कारण ही वीस मिनिटे होती, असे माझे मत आहे. मुलाला बुधवारी ताप आला तर वडील बुधवारी येत असत, मुलीची वही आजीकडे राहिली तर आजोबा ती सकाळी शाळेच्या फाटकावर आणून देत. यातले काहीही कागदावर नव्हते.

वादाला तोंड कसे फुटले

2023 च्या सुरुवातीला आईला पुण्यातील एका औषध कंपनीत वरच्या पदावर आणि बऱ्याच अधिक पगारावर नोकरी मिळाली. तिचा भाऊ चिंचवडला सहकुटुंब राहतो, त्यामुळे मुलांना सांभाळायला घरचे माणूसही तेथे होते. तिने नोकरी स्वीकारली, चिंचवडच्या एका शाळेत दोन्ही मुलांच्या प्रवेशाचे पैसे भरले आणि फोंड्याच्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज दिला. वडिलांना तिने काहीच सांगितले नव्हते. शाळेच्या कार्यालयातून वडिलांना सहज म्हणून फोन आला की दोघांचेही शाळा सोडल्याचे दाखले तयार होत आहेत, शुल्काची बाकी तेवढी भरून जावी. त्यांना सगळे कळले ते असे, दुकानात गिऱ्हाईक समोर उभे असताना.

त्यांनी त्याच आठवड्यात मुलांना गोव्याबाहेर नेण्यास मनाई मागणारा अर्ज न्यायालयात दाखल केला. आईने उत्तरादाखल भेटीच्या अटी बदलून मिळाव्यात असा अर्ज केला. दोन्ही अर्ज एकत्र ऐकण्याचे ठरले आणि तोवर मुलांनी गोव्यातच राहावे असा अंतरिम आदेश झाला.

आईने न सांगता प्रवेश घेतला हे चुकीचे होते, यात मला शंका नाही. मात्र त्यामागे मुले तोडून नेण्याचा हेतू नव्हता. विचारले तर नकारच मिळेल या भीतीने तिने आधी सगळे पक्के करून मग सांगायचे ठरवले होते, आणि या भीतीमुळेच नकार अटळ झाला. पुढच्या तीन महिन्यांत वडील एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिले : “तिने मला विचारले असते तर मी रागावलो असतो, पण कोर्टात गेलो नसतो.”

कायदा काय पाहतो

वडिलांच्या वकिलांचा मुख्य मुद्दा असा होता की, करार दोघांच्या संमतीने झाला आहे, त्यात बाहेर जाण्याची मुभा नाही, म्हणून आईला ती आता मागता येणार नाही. हा मुद्दा वरवर पटण्यासारखा असला तरी टिकणारा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये रोझी जेकब प्रकरणात स्पष्ट केले आहे की, ताब्याविषयीचे आदेश त्या वेळच्या परिस्थितीपुरते असतात आणि ते संमतीने झालेले असले तरी मुलांच्या हितासाठी बदलता येतात. 2010 मधील विक्रम वीर वोहरा प्रकरण तर या प्रकरणाच्या फारच जवळचे होते. तेथेही घटस्फोट परस्परसंमतीने झाला होता, मूल आईकडे होते, आणि आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचे होते. वडिलांनी मूळ संमतीच्या अटींवर बोट ठेवले, तरी न्यायालयाने आईला मुलासह जाण्याची परवानगी कायम ठेवली आणि वडिलांच्या भेटींची वेगळी व्यवस्था मान्य केली.

यावरून आईच्या बाजूचा निकाल ठरलेलाच होता, असे मात्र समजू नये. पालक आणि पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 26 नुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाल्याला त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेता येत नाही. या प्रकरणातील ताबा घटस्फोटाच्या करारातून आलेला असला तरी त्या कलमामागील विचार येथेही लागू पडतो : आधी परवानगी, मग प्रस्थान. मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत नेऊन परत न आणण्याचा सल्ला आईला नात्यातल्या कोणीतरी दिला होता. तो तिने मानला नाही, हे फार बरे झाले. तसे झाले असते तर नोकरी, भाऊ, शाळा हे तिचे सगळे मुद्दे त्या एका कृतीखाली दबून गेले असते.

या प्रकरणाला खरी दिशा दिली ती 20 जानेवारी 2020 च्या यशिता साहू निकालाने. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, आईवडील वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहत असतील आणि आठवड्याच्या भेटी शक्य नसतील, तर ताबा नसलेल्या पालकाला लांब सुट्ट्या मिळाव्यात, आणि भेटीच्या हक्काबरोबर फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलण्याचा हक्कही असावा. मध्यस्थांनी हा भाग दोन्ही वकिलांना वाचून दाखवला. त्यानंतर बोलणे ‘जाणे की न जाणे’ यावरून ‘गेल्यास कसे’ याकडे वळले.

मुलांचे म्हणणे

मुलगी बारा वर्षांची होती. एवढ्या वयाच्या मुलाचे मत विचारात घ्यायला कायदा सांगतो, पण ते कसे विचारावे हे तो सांगत नाही. तिला ‘कोणाकडे राहायचे’ हा प्रश्न विचारायचा नाही असे मी आधीच ठरवले होते आणि न्यायाधीशांनाही तशी विनंती कळवली होती. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, “माझ्या शाळेचं, क्लासचं, मैत्रिणींचं मला विचारा. आई की बाबा असं विचारू नका, मी उत्तर देणार नाही.” पुढे ती मोकळेपणाने बोलली. पुण्याची तिला उत्सुकता होती, शाळा मराठी माध्यमाचीच असल्याने अभ्यासाची भीती नव्हती, फक्त कोकणी बोलणारे कोणी भेटणार नाही याची चुटपुट होती.

मुलगा सात वर्षांचा होता आणि त्याची एकच चिंता होती, ती म्हणजे चवथ, अर्थात गणेशचतुर्थी. घरच्या गणपतीवर बांधायची माटोळी (फळे-पानाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट) त्याचे आजोबा स्वतः सजवतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी रानातून आणलेली कवंडळे, आंबाडे, सुपारीचे कातरे (घड) अंगणात पसरलेले असतात, आजोबा स्टुलावर उभे राहतात आणि मुलगा केवणीचे (एका रानझुडपाच्या सालीचे) दोर एकेक करून त्यांच्या हातात देतो. मी नसलो तर दोर कोण देणार, हे त्याने मला तीनदा विचारले. मोठ्या माणसांच्या कागदपत्रांत या गोष्टीला जागा नव्हती. पुढे करारातील सगळ्यात काटेकोर अट याच गोष्टीवर लिहिली गेली.

दोन्ही मुलांना वेगळे करण्याची सूचना, म्हणजे मुलगी पुण्याला आणि मुलगा गोव्यात, आजीकडून आली होती. ती मायेपोटीच आली होती, पण दोन्ही पालकांनी ती लगेच बाजूला ठेवली. त्या दिवशी त्यांचे पहिल्यांदा एकमत झाले.

वेळेचा हिशेब

जुन्या करारानुसार मुले वर्षात साधारण 52 रात्री वडिलांकडे राहत होती. मध्यस्थीत हाच आकडा आधार धरला गेला. उन्हाळी सुट्टीतील 28 रात्री, दिवाळीतील 11, चतुर्थीच्या 7 आणि नाताळच्या 6, असे मिळून पुन्हा 52 झाले. त्याखेरीज महिन्यातून एका शनिवार-रविवारी वडिलांना पुण्यात जाऊन मुलांना भेटण्याची मोकळीक ठेवली.

आकडा जुळला म्हणून भरपाई झाली, असे वडिलांच्या वकिलांना वाटले. मला ते पटले नाही आणि मी तसे अहवालात लिहिले. दर आठवड्याची एक रात्र आणि वर्षातून चार मोठे मुक्काम यांत लहान मुलाच्या दृष्टीने फार फरक असतो. मोठ्या मुक्कामात तो घरात खऱ्या अर्थाने रुळतो, भाटात (बागेत) जातो, आजीच्या हातचे जेवण सवयीचे होते, ही जमेची बाजू आहे. पण मधल्या दोन-अडीच महिन्यांत वडील त्याच्या दिवसातून पार नाहीसे होतात. म्हणून रोज थोडा वेळ व्हिडिओ कॉल असावा ही अट घातली गेली.

चतुर्थीच्या अटीवर दोन बैठका गेल्या. पहिल्या मसुद्यात ‘सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा’ असे लिहिले होते, कारण 2023 मध्ये चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. पण तिथी दरवर्षी सरकते. 2024 मध्ये ती 7 सप्टेंबरला येणार होती आणि 2025 मध्ये तर 27 ऑगस्टला. म्हणून इंग्रजी तारीख काढून टाकून ‘हरितालिकेच्या आदल्या दिवसापासून सात रात्री’ असे लिहिले गेले. गोव्यात चवथीला शाळांना लांब सुट्टी असते, पुण्यातील शाळांना ती तेवढी असेलच असे नाही. त्यामुळे दर शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच आईने शाळेला पत्र देऊन त्या दिवसांची रजा मागून घ्यावी, अशी जोड दिली. घरचा गणपती पाच दिवसांचा असल्याने विसर्जनानंतर परतीच्या प्रवासाला एक दिवस शिल्लक राहतो.

प्रवासाची अटही अनुभवातून लिहिलेली आहे. फोंडा ते पुणे हे अंतर रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि रात्रीच्या बसने ते सकाळपर्यंत कापले जाते. गोवा एक्सप्रेस दुपारी वास्कोहून निघून कुळे, लोंढा, बेळगाव, मिरज या मार्गाने पहाटे पुण्याला पोहोचते. पण दोन्ही वाटा घाटातून जातात, आणि चवथ पावसाळ्यात येते. घाट बंद पडून मुले उशिरा पोहोचली तर गेलेले दिवस पुढच्या सुट्टीत भरून द्यावेत, असे स्पष्ट लिहिले गेले. मुलांना गोव्यात आणण्याचा खर्च वडिलांचा आणि परत नेण्याचा आईचा ठरला. पुण्याच्या मासिक भेटीचा खर्च वडील करतात, आणि म्हणून आईने पोटगीतील ठरावीक वार्षिक वाढ दोन वर्षांसाठी सोडून दिली. पैशांचा विषय एवढ्यावरच मिटला.

घर, कुळागर आणि रहिवासाचा दाखला

वडिलांच्या विरोधामागे आणखी एक कारण होते आणि ते बाहेर यायला वेळ लागला. आजोबांना वाटत होते की नातवंडे एकदा पुण्याला गेली की घर आणि कुळागर यांच्याशी त्यांचा संबंध संपला. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले तर या मुलांना काही उरणार नाही, अशी भीती, आश्चर्य वाटेल, पण आजोबांनाच होती.

येथे गोव्याच्या कायद्याने आधार दिला. गोव्यातील वारसा कायद्यानुसार मुले असलेल्या व्यक्तीला आपल्या मालमत्तेचा निम्म्याहून अधिक भाग इच्छापत्राने दुसऱ्या कोणाला देता येत नाही. उरलेला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो आणि मुले कोणत्या राज्यात राहतात यावर तो अवलंबून नसतो. घर व कुळागर अजून आजोबांच्या नावावर आहेत, ते आधी वडिलांकडे येतील आणि मग मुलांचा हक्क उभा राहील, हे वकिलांनी त्यांना कागदावर वंशावळ काढून समजावले. त्यानंतर आजोबांचा सूर बदलला आणि त्यांच्यामागोमाग वडिलांचाही.

रहिवासाच्या दाखल्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशातही गोव्यातील वास्तव्य व शिक्षण पाहिले जाते. शाळेची वर्षे पुण्यात गेली तर मुलांना पुढे याची झळ बसू शकते. वडिलांचा हा आक्षेप पूर्णपणे रास्त होता. आईने त्याला उत्तर दिले नाही, कारण त्याला उत्तर नव्हते. चांगली नोकरी आणि हा संभाव्य तोटा यांत तिने निवड केली. ती निवड मुलांना परिणाम समजण्याच्या वयात आल्यावर पुन्हा तपासावी, अशी अट वडिलांच्या आग्रहाने घातली गेली आणि पुढे तीच सर्वांत उपयोगी ठरली.

आदेशानंतर

न्यायालयाने मे 2023 मध्ये या तडजोडीनुसार आदेश केला आणि जूनमध्ये मुले पुण्यातील शाळेत जाऊ लागली.

पहिले वर्ष जड गेले आणि त्याचे कारण रोजचा व्हिडिओ कॉल होता. रात्री आठला कॉल येई, मुलगा “जेवलो, शाळेत गेलो” म्हणून गप्प होई, आणि मग बोलण्यासारखे काही न उरल्याने वडील आई कुठे आहे, मामा काय म्हणाला, असे विचारत. मुलगा कॉलच टाळू लागला. वडिलांना वाटले आई शिकवते आहे, आईला वाटले वडील हेरगिरी करतात. प्रत्यक्षात दोघांनीही काही वाईट योजलेले नव्हते. सात वर्षांच्या मुलाला पडद्याकडे पाहून गप्पा मारता येत नाहीत, एवढेच त्याचे कारण होते.

त्यावर उपाय असा निघाला की रोजचा कॉल बंद करून आठवड्यातून तीन दिवस वडिलांनी मुलाचा गणिताचा गृहपाठ कॉलवर घ्यावा. वही पडद्यासमोर धरली जाते, दुकानातल्या पावतीच्या मागच्या बाजूवर वडील गणित मांडून दाखवतात, आणि अर्ध्या तासात गणिताबरोबर शाळेतली भांडणेही कळतात. मुलगी आठवड्यातून एकदा तिला वाटेल तेव्हा स्वतः फोन करते. अशा प्रकरणांत ‘रोज दहा मिनिटे’ लिहिण्याऐवजी पालकाने मुलासोबत नेमके काय करावे ते लिहावे, असा आग्रह मी तेव्हापासून धरते आहे.

दुसरी अडचण शाळेची होती. प्रवेश अर्जावर पालक म्हणून फक्त आईचे नाव आणि तातडीच्या संपर्कासाठी मामाचा क्रमांक होता. पालकसभेची सूचना किंवा प्रगतिपुस्तक यांतले काहीही वडिलांपर्यंत पोहोचत नसे. आदेशाची प्रत शाळेला दिल्यावर त्यांचे नाव नोंदले गेले. ही गोष्ट मूळ आदेशातच असायला हवी होती, पण ती कोणालाही सुचली नाही.

चवथीची अट तिन्ही वर्षे पाळली गेली. 2024 मध्ये मुलाची घटक चाचणी नेमकी त्याच आठवड्यात आली, तेव्हा आईने शाळेकडून नंतर परीक्षा घेण्याची लेखी परवानगी मिळवली.

आता मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर आहे. 2025 च्या दिवाळीत तिने दोघांनाही स्वतंत्रपणे सांगितले की अकरावी-बारावी तिला गोव्यात, वडिलांकडे राहून करायची आहे. कारण विचारल्यावर तिने रहिवासाच्या दाखल्याचा मुद्दा स्वतः काढला. आईला हे जड गेले आहे, कारण त्यात भावंडे वेगळी होतात. वडील सुखावले असले तरी, मुलगा आता नऊ वर्षांचा असून ताईशिवाय पुण्यात कसा राहील, हा प्रश्न त्यांनीच मांडला. फेरतपासणीच्या अटीनुसार संयुक्त अर्ज करायचे दोघांनी ठरवले आहे. या वेळी त्यांनी आधी एकमेकांना पत्रे लिहिली, मग वकिलांना कळवले. दहावीची परीक्षा होईपर्यंत मुलीला न्यायालयात बोलावू नये, ही विनंती दोघांच्याही पत्रांत आहे.